आधी बारीक हो, मग प्रेम कर?

ताई,
मी सत्तावीस वर्षांची. नाशिकला नोकरी करते, तीन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते. आम्हा चौघींना रोमँटिक कॉमेडी फार आवडतात. शनिवारी रात्री एक तरी बघतोच, हिंदी, मराठी, इंग्रजी, कुठलीही. बघताना मजा येते. नंतर बाथरूमच्या आरशात स्वतःला बघते आणि रडू येतं. उंची पाच फूट तीन इंच, वजन ६१. ऑफिसमधल्या एका मुलाबरोबर दोनदा कॉफीला गेले. चांगला आहे तो. पण दोन्ही वेळा मी पूर्ण वेळ पोट आत ओढून बसले होते, तो काय काय बोलला ते घरी आल्यावर आठवेना. तिसऱ्यांदा त्याने विचारलं तेव्हा 'कामात आहे' म्हटलं. ५२ झाले की भेटायचं, असं ठरवलंय. आई स्थळं बघतेय. ती म्हणते, आधी दहा किलो उतरव, मग फोटो काढू. डिसेंबरात मामेबहिणीचं लग्न आहे, ब्लाउज अजून शिवायला टाकलेला नाही. हे सगळं पिक्चर बघून होतंय हे मला कळतं, तरी होतंच. मी मूर्ख आहे का? पिक्चर बघणं सोडून देऊ का? रात्रीचं जेवण बंद केलंय, पण एक-दीडला उठून हाताला लागेल ते खाते. एवढाही कंट्रोल नाही माझ्यात. दोनदा बोटं घालून उलटी काढली. हे कुणालाच सांगितलेलं नाही.
— एक वाचक, नाशिक

प्रिय मैत्रिणी,

उलटीचं तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. मी तिथूनच सुरुवात करते. येत्या आठवड्यात डॉक्टरांकडे जा आणि मला लिहिलंस तेच त्यांना सांग. रात्री जेवत नाही, मध्यरात्री खाते, दोनदा मुद्दाम उलटी काढली. 'दोनदाच तर झालंय' असं मनात येईल. दोनदाच झालंय तेव्हाच जायचं असतं. उलटीबरोबर पोटातलं आम्ल तोंडात येतं आणि दातांवरचं कठीण आवरण झिजायला लागतं. वारंवार होऊ लागलं तर शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. फॅमिली डॉक्टर आईच्या ओळखीचे असतील आणि संकोच वाटत असेल, तर दुसऱ्या कुणाकडे जा. समोर बसून सांगायचा धीर होत नसेल, तर आधी टेली-मानसला फोन कर. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं.

आता तो 'कंट्रोल'. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. ते सगळे स्वेच्छेने आले होते. सहा महिने त्यांना नेहमीच्या साधारण निम्मं खायला दिलं. थोड्याच दिवसांत त्यांना जेवणाशिवाय दुसरं काही सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. माणसं चिडचिडी झाली, उदास झाली. प्रयोग संपल्यावर त्यांतले कितीतरी जण पोट भरलं तरी खातच राहिले. निवडून घेतलेले, निरोगी, मनाने खंबीर असे हे पुरुष होते. संध्याकाळी सातपासून उपाशी राहिलेली तू रात्री दीडला उठून पोळ्यांचा डबा उघडतेस, तेव्हा तुझं शरीर उपाशी शरीराने करायला हवं तेच करत असतं. म्हणून आजपासून रात्रीचं जेवण सुरू कर. भाजी, पोळी, वरण, भात, जे घरात असेल ते. पोटभर.

तुझ्या ६१ आकड्यावर मी काही बोलणार नाही. तो मोठा आहे की ठीक आहे, हे पत्रावरून कुणी सांगू नये. डॉक्टर रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड बघतील, पाळीबद्दल विचारतील, आणि काही करायची गरज असेल तर सांगतील. ५२ हा आकडा मात्र कुठल्याही डॉक्टरने तुला दिलेला नाही. तो कुठून आला, याबद्दल मला बोलायचं आहे.

तू मूर्ख आहेस का, असं विचारलंस. फिजी नावाचा बेटांचा देश आहे. तिथे भरलेलं, धष्टपुष्ट शरीर चांगल्या घरातलं, नीट काळजी घेतलेलं मानलं जायचं. त्यातल्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. अॅन बेकर या हार्वर्डच्या संशोधिकेने टीव्ही आल्या आल्या आणि तीन वर्षांनी तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. १९९५ मध्ये वजन कमी करायला उलटी काढणारी एकही मुलगी तिला सापडली नव्हती. १९९८ मध्ये हे प्रमाण ११ टक्क्यांवर गेलं होतं. त्या मुली अमेरिकन मालिका बघत होत्या, रोमँटिक कॉमेडी नव्हे, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. ज्या समाजात 'बारीक हो' असं कुणी कुणाला म्हणत नव्हतं, तिथे पडद्यावरच्या मुलींनी तीन वर्षांत हे केलं. तू तर जन्मल्यापासून पडद्यासमोर आहेस, आणि बरोबरीने आई, आत्या, शेजारच्या काकू बोलायला आहेतच.

पण मग रोमँटिक कॉमेडीच का? बारीक बायका तर साबणाच्या जाहिरातीतही असतात. मला वाटतं, जाहिरात बघताना आपण थोड्या सावध असतो. ती काहीतरी विकतेय हे माहीत असतं. रोमँटिक कॉमेडी आपण रजईत पाय खुपसून, मैत्रिणीच्या खांद्यावर डोकं टाकून, हसत बघतो. आणि ती नुसतं 'हे शरीर सुंदर' एवढंच सांगत नाही, एक क्रम शिकवते. आधी मुलगी बदलते, मग तिला प्रेम मिळतं. हा क्रम इतक्या गोड पद्धतीने, इतक्या वेळा समोर येतो की तो गोष्टीचा भाग आहे हे विसरून आपण तो जगायला लागतो. तुझ्या पत्रात तो शब्दशः आहे: ५२ झाले की भेटायचं.

'कुछ कुछ होता है' आठव. १९९८ चा सिनेमा, तू तेव्हा जन्मली असशील-नसशील, तरी पाठ असणार. कॉलेजातली अंजली केस कापलेली, ट्रॅक पँट घालणारी, बास्केटबॉलमध्ये राहुलला हरवणारी. राहुलची सगळ्यात जवळची मैत्रीण तीच, पण प्रेमात पडायला त्याला टीना लागते. आठ वर्षांनी अंजली परत भेटते ती लांब केसांत, साडीत, आणि आता राहुलला ती दिसते. मधल्या आठ वर्षांत ती का बदलली, कशी बदलली, तिला स्वतःला काय हवं होतं, हे सिनेमा सांगतच नाही. आणि ते दोघं पुन्हा बास्केटबॉल खेळतात तेव्हा पदर सावरता सावरता ती हरते. हा प्रसंग मला आजही खटकतो. जे तिला उत्तम येत होतं, तेच सुंदर दिसण्याच्या बदल्यात तिच्या हातून काढून घेतलं, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सिनेमाचे दिग्दर्शक करण जोहर यांना शबाना आझमींनी यावरून फोन करून सुनावलं होतं आणि शबानांचं म्हणणं बरोबर होतं, हे जोहर यांनी पुढे स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे.

नायकाचंही परिवर्तन होतं, नाही असं नाही. तो आळशी असतो, बेजबाबदार असतो, मुलींना फिरवणारा असतो. त्याने सुधारायचं असतं ते वागण्यात. तिने सुधारायचं असतं ते केसांत, कपड्यांत, कमरेत.

आणि जिचं शरीर बदलत नाही तिला मैत्रिणीची भूमिका मिळते. 'कल हो ना हो'मधली स्वीटू बघ. तिच्या खाण्यावर, जाडीवर विनोद होत राहतात आणि तीही हसून ते घेते. तू लिहिलं नाहीस, पण मला वाटतं की शनिवारी पिक्चर बघताना तू नायिकेच्या जागी स्वतःला बसवत नाहीस. तू स्वतःला स्वीटूच्या जागी बघतेस. म्हणून ज्या विनोदावर चौघी हसता त्याचाच आरशासमोर त्रास होतो. इंग्रजीतल्या 'लव्ह अॅक्चुअली'मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयातल्या नॅटलीला तिच्या मांड्यांवरून बोललं जातं, तिचे वडीलही तिला जाडी म्हणतात. तो सिनेमा २००३ चा. पडद्यावर ती अगदी चारचौघींसारखी दिसते. स्वतःच्या सिनेमांतल्या जाडीवरच्या विनोदांबद्दल त्याचे लेखक-दिग्दर्शक रिचर्ड कर्टिस यांनी २०२३ मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. वीस वर्षं लागली. त्या वीस वर्षांत ज्या मुलींनी तो सिनेमा बघून आपल्या मांड्या मोजल्या, त्यांना त्या खेदाचा काही उपयोग नाही.

ब्रिजेट जोन्सचं मात्र तुला सविस्तर सांगायला हवं, कारण तिची गोष्ट बहुतेकींना सिनेमातून माहीत असते आणि मूळ कादंबरीत तुझ्या कामाची एक जागा आहे. हेलन फील्डिंगची 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' ही इंग्रजी कादंबरी १९९६ ची, त्यावरचा सिनेमा २००१ चा. ब्रिजेट रोज डायरीत वजन लिहिते. कादंबरीतली पहिली नोंद ९ स्टोन ३ पौंड, म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न किलो. जगभरच्या बायकांनी 'जाडी, पण गोड' म्हणून जिला डोक्यावर घेतलं, तिचं वजन हे एवढं! तिचं स्वप्न असतं ८ स्टोन ७ पौंडाचं, म्हणजे सुमारे ५४ किलो. साडेचार किलोंचा फरक, आणि त्यासाठी ती अठरा वर्षं झगडते. मग एके दिवशी तो आकडा खरंच काट्यावर येतो. ती आनंदाने पार्टीला जाते. आणि मित्रमैत्रिणी विचारतात, तुला बरं नाही का? दमलेली दिसतेस. एक जण तर म्हणतो, आधी छान दिसायचीस. अठरा वर्षं ज्या दाराशी उभी होती त्याच्या मागे काहीच नव्हतं. तुझ्या ५२ च्या मागे काय असेल, असं तुला वाटतं? पोट आत ओढून बसायची सवय ५२ वरही तुझ्याबरोबर येईल, ती किलोंमध्ये नसते.

त्या सवयीबद्दलच आता बोलते, कारण माझ्या मते तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. एक आवडलेला मुलगा समोर बसलाय, बोलतोय, आणि तुला ऐकूच येत नाही. तू कॉफी शॉपमध्ये त्याच्यासमोर नव्हतीसच. तू पलीकडच्या टेबलावरून स्वतःला बघत होतीस: पोट दिसतंय का, हनुवटी कशी दिसते, दंड झाकलेत ना. १९९८ मध्ये बार्बरा फ्रेडरिकसन आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलामुलींना एकेकट्याला आरसा असलेल्या खोलीत पाठवलं, काहींना स्वेटर दिला, काहींना पोहण्याचा पोशाख. तो अंगात असतानाच गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना स्वेटरवाल्या मुलींपेक्षा कमी गुण पडले. मुलग्यांच्या गणितात असा फरक पडला नाही. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं. स्वतःला बाहेरून बघत राहायलाही डोकं लागतं आणि ते दुसऱ्या कशातून तरी वजा होतं. तुझ्या बाबतीत ते त्या मुलाच्या बोलण्यातून वजा झालं.

बरं, ज्या शरीराशी तू तुलना करतेस ते असं चालतंबोलतं कुठे असतंच असं नाही. नायिकेचा प्रत्येक कपडा तिच्या मापाने शिवलेला, प्रसंगी अंगावरच टाचलेला असतो. समोरून शॉट असेल तर मागे क्लिपा लावून कापड ओढून घेतलेलं असू शकतं. उजेड तिच्यासाठी लावलेला असतो. शूटिंगनंतर संगणकावर त्वचा साफ करतात, कधी कधी आकारही. हे तुला माहीत असेलच. माहीत असून फारसा उपयोग होत नाही हेही मला माहीत आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

मग पिक्चर सोडायचे का? नाही. चार मैत्रिणींची शनिवारची रात्र ही फार मोलाची गोष्ट आहे, ती मोडू नकोस. तू एकटी खोलीत जाऊन बसलीस तर मोबाइल आहेच, आणि तो या सिनेमांपेक्षा वाईट. महिनाभर एवढं कर की पिक्चर निवडायची पाळी तुझी असेल तेव्हा जरा वेगळे निवड. 'दम लगा के हैशा' बघ, २०१५ चा. भूमी पेडणेकरची संध्या शिकलेली आहे, शिक्षिका व्हायचंय तिला. नवरा दहावी नापास, बायकोच्या जाडीची लाज वाटणारा. तो चारचौघांत तिच्याबद्दल घाण बोलतो तेव्हा ती त्याच्या थोबाडीत मारते. शेवटी तिला पाठीवर घेऊन तो शर्यत धावतो. आणि सिनेमा संपतो तेव्हा तिचं वजन सुरुवातीला होतं तेवढंच असतं. बदलायला लागतं ते त्याला. असा क्रम आपल्या सिनेमात फार कमी वेळा दिसला आहे. (नंतर माध्यमांनी मात्र भूमीच्या अभिनयाइतकंच तिने वजन कसं उतरवलं यावर लिहिलं, याचा मला मनापासून राग आहे.) मराठीत 'मुंबई-पुणे-मुंबई' बघ, २०१० चा. स्थळाच्या निमित्ताने पुण्याला आलेली मुलगी आणि तिला भेटलेला मुलगा दिवसभर फिरतात, भांडतात, बोलतात. नायिका तिथेही सडपातळच आहे, पण प्रेम जमतं ते बोलण्यातून. ती त्याला खोडून काढते, तो तिला चिडवतो, आणि दोघंही एकमेकांचं नीट ऐकतात. चौघींनी मिळून बघा आणि बघताना मोठ्याने बोला. जाडीवर विनोद आला तर 'हे काही आवडलं नाही बाई' एवढं म्हण. तुझ्या त्या तिघींपैकी निदान एकीच्या मनात तेच असणार. आजवर चौघीही गप्प राहिल्यात, म्हणून प्रत्येकीला वाटतंय की रडू फक्त मलाच येतं.

त्या मुलाला या आठवड्यात निरोप पाठव. कारणं देऊ नकोस, 'आता वेळ आहे, भेटूया का' एवढं पुरे. कॉफी शॉपमध्ये समोरासमोर बसू नका. गोदाकाठी किंवा पांडवलेणीला जा, चाला. चालताना पोट आत ओढून फार वेळ राहता येत नाही, आणि तो शेजारी असतो, समोर नसतो. तो आवडेल की नाही, हे अजून तुला ठाऊकच नाही. दोनदा भेटलात, पण तू त्याला ऐकलेलं नाहीस. कदाचित कंटाळवाणाही निघेल.

ब्लाउज उद्याच टाक. आजच्या मापाचा. डिसेंबरच्या लग्नसराईत शिंपी नंतर घेणार नाही हा भाग आहेच. आत दोन्हीकडे माया ठेवायला सांग, म्हणजे पुढे-मागे उसवून घेता येईल. आणि गळा, बाही तुला आवडते तशी. दंड झाकायचे म्हणून कोपरापर्यंत बाही नको.

आता आई. तिच्यावर चिडून उपयोग नाही, पण ऐकून घेत राहूनही उपयोग नाही. तिच्या वेळच्या स्थळांच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप' हे शब्द पदवीच्याही आधी यायचे. तिला स्वतःला बघायला लोक आले तेव्हा तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं, हे तिला एकदा विचार. मुद्दाम वाद घालायला नाही, खरंच विचार. तुझ्या लग्नाची तिला काळजी आहे आणि ती काळजी तिला एकाच भाषेत मांडता येते. पण हे सगळं समजून घेतल्यानंतरही तुला तिला स्पष्ट सांगावं लागेल. साधं सांग: 'आई, माझ्या वजनावर बोलणं आता बंद. मी डॉक्टरांकडे जाते आहे, तब्येतीचं ते बघतील. फोटो काढायचा असेल तर आत्ता काढू, नाहीतर राहू दे.' उलटीचं तिला सांगायचं की नाही, हे डॉक्टरांशी बोलल्यावर ठरव. ती घाबरून आणखी बोलेल असं वाटत असेल तर आधी मैत्रिणींपैकी एकीला सांग, म्हणजे रात्री दीडला उठलीस तरी घरात कुणाला तरी माहीत असेल आणि तिला हाक मारता येईल.

आई लगेच ऐकेल असं नाही. दोन दिवस फोन करणार नाही, मावशीला सांगेल, मावशी तुला फोन करेल. मावशीलाही हेच सांग. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.